ओढणं आणि पेलणं

मराठीच्या तासाला समानार्थी शब्द शिकवताना मी मुलांना सांगते, की कोणतेही दोन शब्द अगदी सारखे नसतात. 'ओढणं' आणि 'पेलणं' हे तर एकमेकांचे लांबचे नातेवाईकही नाहीत. मुलं मान डोलावतात आणि वहीत लिहून घेतात. मला स्वतःला या दोन शब्दांमधलं अंतर नीट उमगलं ते मात्र टेक्सासमध्ये, धाकट्या भावाच्या पिकअपच्या दारावर चिकटवलेल्या तळहाताएवढ्या स्टिकरवरून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अम्मीला घेऊन भावाकडे गेले होते. तो डॅलसच्या उत्तरेला राहतो. अम्मीला शुगर आहे, गुडघे दुखतात, दर तासा-दीड तासाला बाथरूम लागतं. बाहेरचं खायचं म्हटलं की हलालचा प्रश्न, वुजूला पाणी हवं, नमाजला जागा हवी. म्हणून दोन आठवडे ती घरातच बसून होती. भावाला ते बघवेना. त्यानं ठरवलं, की चार दिवस ट्रेलर भाड्यानं घ्यायचा आणि अम्मीला लेक टेक्सोमावर न्यायचं.

हा ट्रेलर म्हणजे आपल्याकडची ट्रॉली नव्हे. ते चाकांवरचं छोटं घरच असतं. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, बेसिन, पाण्याची टाकी, सगळं. इंजिन तेवढं नसतं. पिकअपच्या मागे जोडायचं आणि न्यायचं. अमेरिकेत निवृत्त जोडपी अशी घरं ओढत महिनोन्‌महिने फिरतात. अम्मीनं आत पाऊल टाकलं, बेसिनचा नळ पाहिला, शेगडी पाहिली आणि म्हणाली, "हे तर आपलंच घर झालं." (घरात आम्ही दख्खनी बोलतो. इथे सगळं मराठीत लिहिते आहे.)

भावानं याआधी कधी काही ओढलेलं नव्हतं. दुकानदारानं पंधरा-वीस मिनिटांत सगळं दाखवलं आणि वर दिलासा दिला, "तुमची गाडी ९,००० पौंड ओढते. हा भरलेला ट्रेलर ६,००० च्या आसपास. मागे काही आहे हे तुम्हाला कळणारही नाही." ९,००० पौंड म्हणजे चार टनांहून थोडं जास्त. आकडा ऐकून भाऊ खूश झाला.

चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं ते स्टिकर मी वाचलं ते केवळ सवयीमुळे. शिक्षकाला भिंतीवरची सूचनाही वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यावर लिहिलं होतं, की गाडीतली माणसं आणि सामान मिळून वजन १,४८० पौंडांच्या वर जाता कामा नये. म्हणजे साधारण ६७० किलो. मी भावाला विचारलं, "९,००० आणि १,४८० यांचा मेळ कसा घालायचा?"

त्या संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. गाडीची पुस्तिका काढली आणि गोष्ट हळूहळू उलगडली. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. पण त्याचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या गोळ्यावर टेकतो आणि तिथे ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीवर येतो. तो भार गाडी ओढत नाही, पेलते. तो त्या १,४८० मध्ये धरायचा. माणसंही त्यातच, चालकसुद्धा. गाडीच्या मागच्या हौद्यातलं सामान त्यातच. जोडणीचं लोखंडही त्यातच.

मी विचारलं, "मग दांड्यावर भार कमीच ठेवला तर?" उत्तर अम्मीनं दिलं. मोहोळ तालुक्यातल्या तिच्या वडिलांची बैलगाडी होती. ती म्हणाली, "कडबा मागे जास्त भरला की गाडी उलाळ व्हायची. जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्याला फास बसायचा आणि गाडी डुलायला लागायची. पुढे जास्त भरला की जू मानेत रुतायचं. अब्बा आधी पुढे, मग मागे, असं हातानं दाबून बघायचे." अमेरिकन पुस्तिकेत हेच लिहिलं होतं. दांड्यावर भार कमी पडला तर ट्रेलर महामार्गावर शेपटीसारखा हलायला लागतो. जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. सोलापूरकडे उसाच्या हंगामात पुढची चाकं उचललेला ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. तेव्हा हसू येतं. त्यावर बसलेल्याला येत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर भरून आम्ही महामार्गालगतच्या ट्रकतळावर वजनकाट्यावर गेलो. ट्रेलर ६,००० पौंड भरला, दांड्यावरचा भार ७५०. मग घरी येऊन बेरीज मांडली. दांडा ७५०. आम्ही पाच जण ६९५. जोडणीचं लोखंड ९०. हौद्यातला जनरेटर, कोळशाची शेगडी, बर्फाची पेटी आणि भाचीची सायकल मिळून २००. एकूण १,७३५. म्हणजे २५५ पौंड जास्त. आणि ओढण्याच्या आकड्याप्रमाणे अजून ३,००० पौंडांची जागा शिल्लक होती!

भाऊ गप्प झाला. मग कामाला लागला. हौदा रिकामा केला. तळावर पाण्याची आणि विजेची जोडणी मिळणार होती, मग ४० गॅलनची टाकी भरून कशाला न्यायची? एक गॅलन पाणी साडेआठ पौंडांच्या जवळपास भरतं. नुसती टाकी म्हणजे ३३० पौंडांहून जास्त. वाटेपुरतं पाणी ठेवून बाकी सोडून दिलं. जादाची भांडी, खुर्च्या उतरवल्या. उरलेलं जड सामान ट्रेलरच्या आसाजवळ, खाली ठेवलं. पुन्हा काटा. आता ट्रेलर ५,५००, दांडा ६९०. नवी बेरीज १,४७५.

"बसतंय की!" भाऊ म्हणाला. "५ पौंड शिल्लक आहेत."

"पाच पौंडांत अम्मींची औषधांची पिशवीसुद्धा येत नाही," भावजय म्हणाली. "मी, अम्मी आणि मुलगी छोट्या गाडीतून मागे येतो. आपा पुढे बसतील."

भावाला ते पटेना. आठ वर्षांनी अम्मी आली आहे, सगळ्यांनी एका गाडीत बसायचं, हे त्याचं स्वप्न होतं. त्यानं स्टिकरवर विश्वास ठेवावा की मायेवर, असा तो पेच होता. मी मध्ये पडले नाही. अम्मीच म्हणाली, "बेटा, मी मागून तुझं घर बघत येईन. पुढे बसून मला ते कुठे दिसणार?" तिथे वाद संपला. माणसं दोनच राहिली आणि पिकअपवरचा भार १,११० वर आला.

शनिवारी सकाळी मशिदीचं पार्किंग मोकळं असतं. परवानगी घेऊन तिथे दोन तास सराव केला. वळताना ट्रेलर आतल्या बाजूनं कापत येतो, म्हणून गाडी आधी सरळ पुढे नेऊन मग वळवायची. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या वरच्या टोकावर न ठेवता खालच्या टोकावर धरायचा. मग हात डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं, उजवीकडे नेला की उजवीकडे. वळवायचं थोडं, थांबायचं, बघायचं. भाऊ पंचवीस वर्षांच्या सवयीनं उलटं फिरवत राहिला. भावजय बसली आणि तिसऱ्या प्रयत्नात तिनं ट्रेलर दोन पट्ट्यांमध्ये उभा केला. तिला विसरायची सवय कमी होती, एवढंच.

ब्रेकचंही तिथेच शिकलो. ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात. ते किती जोरात लागावेत हे डॅशबोर्डवरून ठरवता येतं, आणि शेजारच्या खटक्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेकही लावता येतात. हा खटका हाताला न बघता सापडला पाहिजे, म्हणून मी भावाकडून तो वीस वेळा दाबून घेतला. वर्गात पाढे घेतात तसा. निघताना क्रम ठरवला. गोळा, कुलूप, खीळ. दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून, म्हणजे दांडा सुटलाच तर जमिनीवर न आपटता झोळीत पडेल. मग ट्रेलर तुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार. विजेचा प्लग. दिवे. टायरची हवा. मी मोठ्यानं वाचायचं, त्यानं हात लावून 'हो' म्हणायचं.

महामार्ग क्रमांक ७५ वरून उत्तरेकडे शेरमन, मग डेनिसन. पासष्ट मैलांच्या आसपास. बाकीच्या गाड्या सत्तरच्या वर जात होत्या, आम्ही साठवर, उजव्या मार्गिकेत. पुढच्या गाडीशी नेहमीच्या दुप्पट अंतर. शेरमनच्या अलीकडे सपाट रानावरून आडवा वारा सुटला आणि त्याच वेळी अठरा चाकी ट्रक आम्हाला ओलांडून गेला. आधी ट्रकनं ढकलल्यासारखं वाटलं, मग स्वतःकडे ओढल्यासारखं, आणि ट्रेलर मागे हलायला लागला. गाडीचा मागचा भाग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तेच करायचं नसतं. गाडी मंद होते, मागचं ओझं होत नाही, आणि ते गाडीला फिरवून टाकतं. भावानं पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि खटका दाबला. ट्रेलर मागून ताणला गेला आणि सरळ झाला. पाच-सहा सेकंद असतील. दोघांपैकी कुणी बोललं नाही. पुढच्या थांब्यावर भावजय उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "अम्मी मागे कलमा पढत होत्या," ती म्हणाली.

तो २५५ पौंडांचा जादा भार अंगावर असता तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. पण त्या सेकंदांत पुढची चाकं रस्त्यावर घट्ट होती, आणि माझ्या मांडीवर तो बेरजेचा कागद होता.

लेक टेक्सोमा हे लाल नदीवरच्या डेनिसन धरणाचं पाणी. धरण १९४४ साली पूर्ण झालं. एका काठावर टेक्सास, दुसऱ्या काठावर ओक्लाहोमा. डेनिसन हे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं जन्मगाव, म्हणून तिथल्या राज्य उद्यानाला त्यांचं नाव आहे. आमच्या जागेवर ट्रेलर भावजयीनं मागे घेतला. मी बाजूला उभी राहून हात दाखवत होते. आमचा नियम एकच होता. आरशात माझा चेहरा दिसेनासा झाला, की थांबायचं. चाकांना अडथळे लावले, पाणी जोडलं, अम्मीनं किबला विचारला. आपल्याकडे पश्चिमेला, तिथे ईशान्येला. पाण्याकडे बघत तिनं असरची नमाज पढली. भाचीनं विचारलं, "फुप्पी, दादी रडतेय का?" मी सांगितलं, "दादी दुआ मागतेय."

रात्री सगळे झोपल्यावर भाऊ आणि मी बाहेर बसलो होतो. सोलापूरच्या घराच्या कर्जाचा हप्ता तो भरतो. अम्मीची औषधं, धाकट्या बहिणीच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी, गावातली लग्नकार्यं, सगळं त्याच्याकडूनच. त्याच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली होती. आठ महिने त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. "सगळे म्हणतात, तू अमेरिकेत आहेस, तू ओढशील," तो म्हणाला. "ओढतोच आहे, आपा. पण गाडीच्या दारावर निदान स्टिकर तरी असतं."

घरातला जो कमावता असतो, त्याच्याबद्दल आपण त्या दुकानदारासारखेच बोलतो. त्याचा ओढण्याचा आकडा आपल्याला तोंडपाठ असतो, आणि तो अभिमानानं पाहुण्यांनाही सांगतो. त्याच्या अंगावर किती भार टेकला आहे, हे कागदावर मांडायला कुणी बसत नाही. तो स्वतःही नाही, कारण 'पेलवत नाही' म्हणणं त्याला कमीपणाचं वाटतं. रस्ता सपाट आहे तोवर हे चालून जातं. आडवा वारा सांगून येत नाही.

परत आल्यावर आम्ही भावंडं एका रविवारी कागद घेऊन बसलो. घराचा अर्धा हप्ता माझ्या पगारातून, अम्मीची औषधं बहिणीकडून, फीसाठी भाच्याच्या नावानं शैक्षणिक कर्ज. ट्रेलरचंच तत्त्व. काही उतरवायचं, काही मागे-पुढे सरकवायचं, काही दुसऱ्या गाडीत बसवायचं. भावाला व्हिडिओ कॉलवर बेरीज वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "किती पौंड शिल्लक राहतात?"

"पाचपेक्षा जास्त," मी म्हटलं.