चिरनेर : नावांचा मजकूर

१/ इतिहासप्रेमी स्ट्रॅटफर्डला जातात ते शेक्सपिअरचे जन्मघर पाहायला; छायाचित्रेही त्याचीच काढतात. उरण तालुक्यातील चिरनेरला मी कॅमेरा घेऊन गेले, ते ज्यांच्या हातचे लिखाण आपल्यापर्यंत आले नाही अशा माणसांसाठी.

२/ पार्श्वभूमी अशी. एप्रिल १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पावसाळ्यात मीठ पिकत नाही. म्हणून महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह पुढे आला. १० जुलैला लोकनायक अणे यांनी पुसदला जंगलाचा कायदा मोडला. राखीव जंगलातील गवत आणि सरपण हा गावकऱ्यांच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न होता.

३/ २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या जंगलात सत्याग्रही जमले. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. मामलेदार जोशी यांचाही त्या दिवशी अंत झाला. ही नोंद गाळून तो दिवस सांगता येत नाही.

४/ येथील गणपती मंदिरात लोखंडी गजावर गोळीची खूण दाखवतात. ती चौकटीत सहज मावते. हुतात्म्यांच्या नावांपाशी मात्र कॅमेरा खाली घ्यावासा वाटतो. नाग्या महादू कातकरी. रामा बामा कोळी. या आडनावांतच रान आणि खाडी आहे.

५/ राज्यकर्त्यांच्या भाषेत अशी माणसे बहुधा ‘जमाव’ असतात. स्मारकापुढे उभे राहिल्यावर ती कोणाची तरी मुले होतात. प्रत्येकाला बापाचे नाव असते. चिरनेरला गेलात तर गोळीची खूण अवश्य टिपा, पण त्याआधी ही आठ नावे मोठ्याने वाचा. गावाचे वाङ्मय तेच आहे.