किल्ली काढल्यानंतर

‘बराय, निघतो’ म्हणून पाहुणे उठतात, चपला घालतात आणि मग दारात उभे राहून अर्धा तास बोलतात. त्यांची आपल्याला सवय असते. पण मोटारच असे करू लागली तर? आमच्या दादाच्या नर्सरीतल्या जुन्या पिकअपला गेल्या उन्हाळ्यात ही खोड लागली. किल्ली काढून खिशात टाकली, तरी इंजिन गचके देत, खडखडत दहा-पंधरा सेकंद चालूच!

वडिलांनी ही पेट्रोलची गाडी १९७१ साली घेतली, तीही जुनीच. गुलाबाची कलमे घरोघरी पोचवून तिनेच आम्हा भावंडांची शिक्षणे केली. त्यामुळे पुतण्याने जेवताना जाहीर केले, “इंजिन संपलंय. रविवारी भंगारवाला येतोय,” तेव्हा आई काहीच बोलली नाही. आमच्या घरात आईचे न बोलणे हा मोठा विरोध समजला जातो.

शनिवारी दादाने चाचांना बोलावले. चाचा म्हणजे वडिलांच्या वेळचे मिस्त्री. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, “ह्याच्या आधी काय होत होतं?”

हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. आधी गाडी सिग्नलला बंद पडत असे. एका गॅरेजने स्क्रू आवळून रेस वाढवून दिली. बंद पडायची थांबली आणि पंधरा दिवसांनी बंदच होईना!

चाचांनी पुतण्याला जवळ घेऊन समजावले. हल्लीच्या मोटारींत कार्बोरेटर उरलेला नाही, म्हणून आपणही ऐकून ठेवावे. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि जाताना पेट्रोलचा फवारा ओढून नेते. अशा गाडीत किल्ली फक्त प्लगची ठिणगी तोडते. पेट्रोल तोडत नाही. गरगरणारे इंजिन हवा ओढतच असते. रेस वाढवलेली असली की झडप किलकिली राहते, हवेबरोबर पेट्रोलही आत येते. त्यातून हेडमध्ये काजळीचा थर तापून निखाऱ्यासारखा लाल झालेला असला, की ठिणगीवाचून भडका उडतो. इंग्रजीत याला ‘डीझलिंग’ म्हणतात. रुडॉल्फ डीझेलने १८९७ साली यशस्वी केलेले इंजिन ठिणगीशिवाय चालते, म्हणून हे नाव. पण त्याच्या इंजिनात हवाच दाबून तापवतात. इथे निखारा काम करतो.

“म्हणजे रेस कमी केली की झालं?” पुतण्या म्हणाला.

“मग पुन्हा सिग्नलला बंद पडेल,” चाचा म्हणाले. त्यांनी प्लग काढून दाखवले. टोके पांढरीफटक. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणून इंजिन तापते आहे. मग इंजिन चालू करून त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाशी, पॅकिंगच्या कडेने, कुपीतले तेल थेंब थेंब सोडले. एका कोपऱ्यावर थेंब पडताच इंजिनचा आवाज क्षणभर सुधारला. तेलाने फट बुजली होती! तिथूनच चोरटी हवा शिरत होती.

नाना पेठेतून नवे पॅकिंग आले. हेड खोलून काजळी खरवडली, टायमिंग जमवले, जेट धुतले आणि सगळ्यात शेवटी रेस उतरवली. “रेस नेहमी शेवटी,” चाचा म्हणाले, “आधी केली की आजार झाकला जातो.” तोवर एखादे वेळी इंजिन ऐकेनाच, तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच हळूच सोडायचा, म्हणजे ते गुदमरून थांबते, हेही त्यांनी शिकवले.

खर्च किती झाला हे दादाने सांगितले नाही. चाचांनी मजुरीचे अर्धेच पैसे घेतले आणि गुलाबाची दोन कलमे मागून घेतली.

रविवारी भंगारवाला आला. आईने त्याला चहा दिला, रद्दी दिली आणि पोचवायला फाटकापर्यंत गेली. गाडीचा विषय तिने काढला नाही आणि दुसऱ्या कुणाला काढूही दिला नाही.

आता कलमे पोचवायला पुतण्याच जातो. परतल्यावर किल्ली फिरवतो. इंजिन जागच्या जागी थांबते. तरी तो लगेच उतरत नाही. काही क्षण कान देऊन बसतो.