रुळांखालचा तक्ता

मॉडेल रेल्वेच्या लेआउटखाली जो फोमचा तक्ता घालतात, तो मुळात तळघराच्या भिंतीतून थंडी आत शिरू नये म्हणून बनवलेला माल आहे. त्याचे पूर्ण नाव एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन, व्यवहारात एक्सपीएस. अमेरिकेतील हौशी मंडळींमध्ये तो चांगलाच रुळला आहे, पण दुकानदाराच्या हिशेबात हे गिऱ्हाईक धरलेलेच नसते. माल मागवला जातो तो कंत्राटदारांसाठी, त्याची जाडी त्या गावच्या हवामानावर ठरते आणि त्यावरचे आकडे भिंतीच्या भाषेत छापलेले असतात. तक्ता शोधायचा तर छंदाच्या दुकानापेक्षा बांधकामाच्या व्यवहाराची माहिती अधिक उपयोगी पडते.

फोम येण्याआधी लेआउट लाकडाचे असत. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी रूढ केलेली एल आकाराच्या तुळयांची चौकट, तिच्यावर प्लायवुड आणि डोंगरांसाठी प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी रुमाल, ही पद्धत आजही टिकून आहे आणि मजबुतीत तिला तोड नाही. अडचण वजनाची. पाऊण इंची प्लायवुडचा ४ बाय ८ फुटी तक्ता ३० किलोच्या आसपास भरतो. त्याच मापाचा २ इंची एक्सपीएस साडेतीन किलोंचा. तळघरात कायम मुक्काम असलेल्या लेआउटला या फरकाचे काही वाटत नाही. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्याला किंवा सुटे भाग प्रदर्शनाला नेणाऱ्याला मात्र तो पाठीत जाणवतो.

तरी फोमचा खरा गुण वजनात नाही, खोलीत आहे. प्लायवुडवर जमीन शून्यापासून सुरू होते आणि फक्त वर जाते. खऱ्या रेल्वेत रूळ बहुधा भरावावर असतात आणि आजूबाजूची जमीन त्यांच्या खाली उतरलेली असते: चर, नाले, मोऱ्या, शेताचे बांध. २ इंची तक्त्यात हे सगळे सुरीने खाली कोरता येते. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्शात, २ इंच म्हणजे साडेचौदा फूट. ओढ्यावरचा लहान पूल आणि त्याखालून जाणारी पायवाट तेवढ्यात मावते. १६०व्या हिश्शाच्या एन मापात तीच जाडी सुमारे २७ फुटांची होते आणि बऱ्यापैकी दरी निघते. म्हणून जाडीचा आग्रह धरायचा तो २ इंचांचा. १ इंचाचे दोन तक्ते एकावर एक चिकटवूनही काम भागते, पण कोरताना सुरी मधल्या गोंदाच्या थरात अडखळते आणि त्या ठिकाणी उताराला एक रेघ उमटते.

बाजारात फोमचे तीन प्रकार शेजारी शेजारी उभे असतात आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. पांढरा, मणी फुगवून बनवलेला तो ईपीएस, म्हणजे आपल्याकडचा थर्माकोल. तो स्वस्त आहे, पण कापला की मणी सुटतात, स्थिर विजेने कपड्यांना चिकटतात आणि इंजिनाच्या गिअरपर्यंत पोचतात. दाट प्रतीचा थर्माकोल इतका वाईट नाही. वुडलँड सीनिक्स या कंपनीच्या चढणीच्या तयार पट्ट्या पांढऱ्या फोमच्याच असतात आणि उत्तम काम देतात. दुसरा प्रकार दोन्ही बाजूंना चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावलेला, आतून पिवळसर: पॉलिआयसो. उष्णता अडवण्यात तो सर्वांत पुढे, पण कोरीवकामाला निरुपयोगी. कागद काढला की आतला फोम पिठासारखा झडतो, आणि गरम तारेने तो वितळत नाही, जळतो, विषारी धूर सोडतो. तिसरा एक्सपीएस. वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने साच्यातून बाहेर काढताना तो फुगतो, त्यामुळे त्याच्या बंद पेशी सलग असतात. डाऊ केमिकल कंपनीने १९४०च्या दशकात तो अमेरिकेत आणला तेव्हा पहिला उपयोग पाण्यावर तरंगण्याच्या सामानासाठी झाला, कारण पाणी आत शिरत नाही. ओळखायचे तर कोपऱ्याचा लहानसा तुकडा मोडून पाहावा. मणी दिसले तर ईपीएस, पिवळा भुगा पडला तर पॉलिआयसो आणि बारीक, एकसारख्या दाण्याची सपाट मोड दिसली तर एक्सपीएस.

रंगावर फार भिस्त ठेवू नये. गुलाबी म्हणजे ओवेन्स कॉर्निंग. १९८५मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्यांच्या काचतंतूंच्या इन्सुलेशनचा गुलाबी रंग व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येतो असा निकाल दिला आणि पुढे फोमच्या तक्त्यांवरही तो रंग त्यांची ओळख बनून राहिला. निळा डाऊचा, नंतर ड्यूपाँटचा. हिरवाही मिळतो. जुने लोक अजून ‘निळा फोम द्या’ म्हणून विचारतात आणि दुकानातला मुलगा नाही म्हणतो. खरे तर माल समोर असतो, फक्त राखाडी. तक्ता फुगवायला पूर्वी वापरत ते एचएफसी-१३४ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जहाल आहे. अनेक राज्यांनी त्यावर बंधने घातली, तेव्हा २०२१च्या सुमारास कंपन्यांनी वायू बदलला आणि ड्यूपाँटने नव्या मालाला वेगळा, राखाडी रंग दिला. सुरीला या बदलाने काही फरक पडत नाही.

रंगापेक्षा तक्त्यावरची छपाई वाचावी. तिच्यात पीएसआयमधला, म्हणजे चौरस इंचाला पौंडांमधला, आकडा असतो: १५, २५, ४० किंवा ६०. हा दाब सोसण्याचा आकडा. १५ वाचून अनेकांना तक्ता कच्चा वाटतो. हिशेब केला तर तो चौरस फुटाला जवळजवळ टनभर भार होतो, आणि एचओचे पितळी इंजिनसुद्धा किलोभराच्या आतबाहेर असते. तेव्हा १५चा तक्ता भरपूर झाला. २५चा घ्यायचा तो जास्त दाट असल्याने कडा स्वच्छ निघतात म्हणून, किंवा घाऊक दुकानात तोच पडून असतो म्हणून. त्यापुढचे आकडे गोदामांच्या जमिनीसाठी आणि गच्चीवरच्या वाहनतळांसाठी आहेत. त्यांच्यावर पैसे घालण्यात काही अर्थ नाही. आणखी एक गोष्ट डोळ्यांखालून घालावी: काही तक्त्यांवर १६ आणि २४ इंचांवर कारखान्यातच चिरा पाडलेल्या असतात, भिंतीच्या खांबांच्या मापाने मोडता यावेत म्हणून. लेआउटसाठी असा तक्ता घेतला तर तो नको त्या जागी मोडतो.

खरी पंचाईत मिळण्याची. मिनेसोटा, मिशिगन, विस्कॉन्सिन या राज्यांत कोणत्याही मोठ्या हार्डवेअर दुकानात २ इंची तक्त्यांची थप्पी लागलेली असते. जमीन गोठते, घराला तळघर असते, पायाला फोम लावावा लागतो. फ्लोरिडात, टेक्सासच्या किनाऱ्यावर किंवा दक्षिण कॅलिफोर्नियात त्याच नावाच्या दुकानात गेले तर अर्धा इंच, फार तर एक इंच. तळघरे जवळजवळ नाहीत आणि अतिदक्षिणेच्या हवामान-पट्ट्यांत पायाच्या इन्सुलेशनची सक्ती नाही. शिवाय आग्नेयेकडच्या ज्या भागांत वाळवीचा उपद्रव फार, तिथे जमिनीखाली फोम घालायलाच इमारत-संहितेने मर्यादा घातली आहे, कारण वाळवी त्यातून बोगदे पाडून लाकडापर्यंत पोचते. म्हणजे मायामीतल्या हौशी माणसाला तक्ता मिळत नाही याचे एक कारण वाळवी आहे. ही बाब दुकानदाराशी हुज्जत घालून सुटणारी नाही.

अशा ठिकाणी घरबांधणीचा नाद सोडून व्यापारी बांधकामाकडे वळावे. ऊन कितीही असो, सपाट छपरे आणि शीतगृहे सगळीकडे असतात. छपराचे साहित्य पुरवणारे घाऊक व्यापारी आणि शीतखोल्या बांधणारे कंत्राटदार यांच्याकडे जाड एक्सपीएस हमखास असतो. ते एक-दोन तक्ते विकायला नाखूश असतात, पण कोपरा फुटलेला किंवा कामावरून उरलेला माल स्वस्तात देऊन टाकतात, आणि लेआउटला फुटका कोपरा चालतो. चौकशी फोनवर करावी आणि मागताना छंदाचे पुराण लावू नये. ‘२ इंची, ४ बाय ८, १५ किंवा २५ पीएसआय’ एवढे बोलले की पुरे. दुकानांत २ बाय २ फुटांचे छोटे चौकोनही मिळतात. चौरस फुटाच्या भावाने ते बरेच महाग पडतात, आणि सांधे वाढतात ते वेगळेच. लहान देखाव्यापुरते मात्र ठीक.

भारतातही वाट तीच निघते. एक्सपीएस इथे स्लॅबवर ऊन अडवायला वापरतात, त्यामुळे तो स्टेशनरीच्या दुकानात न शोधता गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे आणि शीतगृहांचे सामान विकणाऱ्यांकडे विचारावा. महाराष्ट्रात थर्माकोलचे मखर कापणाऱ्या कारागिरांच्या हातात गरम तारेचे कसब पिढीभर मुरलेले होते. २०१८च्या मार्चमधल्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि ते काम पुठ्ठा, कापड, लाकूड यांच्याकडे गेले. मखर दीड किंवा दहा दिवसांत कचऱ्यात जाई, हा त्यावरचा आक्षेप रास्तच होता. लेआउट वीस-वीस वर्षे उभा राहतो, पण त्याचे उरलेले तुकडेही कचऱ्यातच जातात, हे हौशी माणसानेही ध्यानात ठेवलेले बरे.

४ बाय ८चा तक्ता साध्या मोटारीत मावत नाही. टपावर बांधून महामार्गावर नेला तर वाऱ्याने उचलला जातो आणि दोरीपाशीच मोडतो. शहाणे लोक लेआउटची मापे लिहूनच दुकानात जातात आणि वाहनतळावर तक्ता आडवा टाकून कापतात. पद्धत सोपी आहे. सरळ पट्टी धरायची, लांब पात्याच्या कटरने जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी खोल चीर पाडायची, चीर गाडीच्या कडेवर आणायची आणि झटक्यात खाली दाबायचे. मोड सरळ निघते. २ फुटी पट्ट्या कापल्या तर त्या मागच्या आसनावरून आत जातात आणि भिंतीलगतच्या लेआउटला तेवढी रुंदी पुरते. हात पोचतो तो अडीच फुटांपर्यंतच.

आकार देण्यासाठी नायक्रोमची गरम तार, पाव कापायची दातेरी सुरी आणि कानस, तिन्ही लागतात. तार झटपट चालते, पण पॉलिस्टायरीन वितळताना स्टायरीनची वाफ सुटते, म्हणून खिडकी उघडी हवी. तारेने कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत, काचेसारखा होतो आणि त्यावर गोंद धरत नाही, तो काचकागदाने खरवडावा लागतो. तळघरात हिवाळ्यात काम करणाऱ्याला सुरीच बरी. भुगा होतो खरा, पण एक्सपीएसचा भुगा मण्यांइतका उडत नाही.

चिकटवताना एक नियम पाळावा: अ‍ॅसिटोन किंवा तत्सम द्रावक असलेले काहीही फोमला लावू नये. कॉन्टॅक्ट सिमेंट, सुपरग्लू, स्प्रेचा रंग, सगळे त्याला खातात. डब्यावर फोमसाठी चालेल असे लिहिले नसेल तर एका तुकड्यावर थेंब टाकून पाच मिनिटे थांबावे. पांढरा गोंद खात नाही, पण दोन तक्त्यांच्या मध्ये हवा जात नाही, त्यामुळे कडा वाळतात आणि मधला भाग आठवडाभर ओलाच राहतो. खिडक्यांच्या फटी बुजवायचा अ‍ॅक्रिलिक लॅटेक्स सीलंट हा सर्वांत भरवशाचा. नागमोडी रेघ ओढावी, पुट्टीच्या पात्याने पातळ पसरावी आणि रात्रभर पुस्तकांचे वजन ठेवावे. रूळही त्यानेच चिकटवता येतात आणि मार्ग बदलायचा झाला तर पाते खाली सरकवून न तुटता उचलता येतात. तक्त्यावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असेल तर ती आधी काढावी. नाहीतर सगळी रचना त्या फिल्मला चिकटते आणि काही महिन्यांनी फिल्मसकट उठते.

विजेच्या कामात फोमची एक खोड फारशी कोणाला ठाऊक नसते. तारेवरच्या मऊ पीव्हीसीत घातलेले मृदुकारक द्रव्य पॉलिस्टायरीनमध्ये झिरपते. वर्षानुवर्षे तार फोमला टेकून राहिली तर तिचे आवरण ताठ, ठिसूळ होते आणि फोमवर तारेच्या आकाराची चिकट खाच पडते. मुख्य तारा चौकटीच्या लाकडाला बांधाव्यात आणि रुळांकडे जाणाऱ्या तारांसाठी फोमच्या भोकात सरबताची नळी बसवावी. डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे, काम शक्यतो रूळ टेबलावर असतानाच उरकावे. डागणीचे टोक ३५० अंशांच्या आसपास असते आणि फोम १०० अंशांवरच ढासळतो. घराच्या भिंतीत हा फोम आगीच्या धोक्यामुळे जिप्समच्या तक्त्याने झाकावा लागतो, लेआउटवर तो जवळजवळ उघडाच असतो, म्हणून खोलीबाहेर पडताना डागणीचे बटण बंद आहे ना, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

रुळांचे सांधे बदलणारी मोटर तक्त्याखाली लावायची असेल तर सोबत आलेली तार २ इंच जाडीला लवचीक पडते. ती काढून जाड पियानो तार घालावी, किंवा सांध्याच्या खाली फोम चौकोनी कापून तिथे प्लायवुडचा तुकडा बसवावा. दुसरा उपाय जास्त टिकाऊ, कारण स्क्रू फोमला धरत नाही. आवाजाची तक्रारही नेहमी निघते. फोमचा मोकळा तक्ता ढोलासारखा घुमतो. खाली पाव इंची प्लाय आणि रुळांखाली कॉर्क असेल तर घुमणे बरेच कमी होते, पण खडी पातळ गोंदाने घट्ट बसवली की थोडे परत येते.

सगळे कोरून झाले की तक्त्यांमधले सांधे हलक्या जॉइंट कंपाउंडने भरावेत आणि पाण्यात मिसळणारा मातकट रंग दोन हात द्यावा. खिडकीतल्या उन्हाने उघडा फोम पिवळा पडून त्याची पूड सुटू लागते, रंगाने ते थांबते. हातभर लांबीपेक्षा मोठे तुकडे जपून ठेवावेत, पुढच्या डोंगराला लागतात. बारीक तुकडे अमेरिकेतील बहुतेक नगरपालिका पुनर्वापरासाठी घेत नाहीत. ते डोंगराच्या पोटात भरून टाकणे हाच त्यातल्या त्यात चांगला उपाय.