माढ्यात, मतदानाच्या दिवशी

पुण्याहून माढ्याला जायचे म्हटले की आम्ही कुर्डुवाडीचे तिकीट काढतो. भिगवण सोडले की खिडकीतून उजनीचे पाणी दिसू लागते, मग जेऊर, मग कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले केम, आणि पुढे कुर्डुवाडी जंक्शन. 6 मे 2024 रोजी मी गेले तेव्हा उजनीत पाणी कमी आणि भेगाळलेला गाळच जास्त दिसत होता. धरण उणे पातळीत गेले होते. पण आमच्या डब्यात त्या गाळाकडे बघत कोणी नव्हते. पाच-सहा फोन एकाच वेळी बोलत होते. एकात भाषण, दुसऱ्यात गाणे, तिसऱ्यात कोणी तरी कोणाला शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी माढा लोकसभेचे मतदान होते आणि डबाभर राजकारण चालले होते, पण माणूस माणसाशी एक शब्द बोलत नव्हता.

माझे स्वतःचे मतदान पुण्याकडे, ते 13 मेला होते. मी चालले होते ती दादांना केंद्रावर न्यायला. दादा म्हणजे माझे वडील. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात खलाशी म्हणून लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. बार्शी लाईटची छोटी गाडी त्यांनी पाहिली, तिचे रूळ उखडून मोठे रूळ पडलेलेही पाहिले. आता गुडघ्यांनी दगा दिला आहे, पण मत चुकवायचे नाही हा त्यांचा नेम आहे.

कुर्डुवाडीहून वडापने माढा. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला सीना, आणि मधे आमचा तालुका. उजनी धरण आमच्याच तालुक्यात आहे. कालव्याचे पाणी जेथे पोहोचते तेथे ऊस आणि डाळिंब, जेथे पोहोचत नाही तेथे ज्वारीची कोरडी धाटे. गावात जुनी गढी, माढेश्वरीचे देऊळ, तहसील कचेरी. तालुक्याचे गाव असूनही बाजारपेठ मात्र कुर्डुवाडीने नेली, असे जुनी माणसे म्हणतात. दिल्लीत माढ्याचे नाव झाले ते 2009 मध्ये, शरद पवार येथून उभे राहिले तेव्हा. त्याआधी या भागात पंढरपूर हा राखीव मतदारसंघ होता आणि 1999 व 2004 या दोन्ही वेळी रामदास आठवले तेथून निवडून गेले होते. 2008 च्या पुनर्रचनेत तो मतदारसंघ गेला. वस्तीतली वयस्क मंडळी अजून 'आपली शीट गेली' असे म्हणतात.

आमच्या वस्तीत विहारावर 14 एप्रिलच्या निळ्या पताका तशाच होत्या, उन्हाने विटलेल्या. या विहाराच्या ओट्यावर माझे लहानपण गेले. संध्याकाळी वंदना झाली की दादा पेपर घेऊन बसत आणि मोठ्याने वाचत. ज्यांना वाचता येत नव्हते ते ऐकत. पण नुसते ऐकत नसत. कोणी मधेच विचारी, "हे कोण म्हणतंय? त्यानं डोळ्यांनी बघितलंय का?" मग वाचन थांबे, वाद होई, कधी भांडणही होई, आणि तेच लोक सकाळी एकत्र कामाला जात. बाबासाहेबांनी 1920 मध्ये 'मूकनायक' काढला, 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत', 1930 मध्ये 'जनता', आणि 1956 मध्ये 'प्रबुद्ध भारत'. तेव्हा आपल्या समाजात अक्षर येणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतके. तरी ते पत्र वस्तीवस्तीत पोहोचले, कारण एक वाचत होता आणि बाकीचे ऐकत होते.

आता ओटा रिकामा असतो. जो तो आपापल्या अंथरुणावर, अंधारात, तोंडावर फोनचा उजेड घेऊन पडलेला.

आमच्या घराचाही एक ग्रुप आहे. सव्वीस माणसे आहेत, माढा, पुणे, भिवंडी, सुरत अशी पांगलेली. त्या उन्हाळ्यात ग्रुपची दोन घरे झाली. मार्च 2024 मध्ये महाविकास आघाडी आणि वंचित बहुजन आघाडी यांची बोलणी फिसकटली, आणि आमच्या घरात भाऊ वंचितचा, त्याचा मुलगा आघाडीचा. भाऊ लिहायचा, "स्वाभिमान विकला." मुलगा लिहायचा, "तुमच्या मतानं कुणाचा फायदा होणार ते बघा." बापलेक एकाच घरात, एकाच कांबळ्यावर बसून फोनवर भांडत होते. समोरासमोर मात्र "भाकर वाढ" यापलीकडे बोलणे नाही. एके दिवशी भाऊ ग्रुपमधून बाहेर पडला. वहिनी सांगत होती, त्या रात्री दोघेही जेवले नाहीत.

फोनमुळे सगळे वाईटच झाले असे मी म्हणणार नाही. 'चारसौ पार'ची घोषणा चालू असताना कर्नाटकातील सत्ताधारी पक्षाचे खासदार अनंतकुमार हेगडे यांनी संविधान बदलण्यासाठी चारशे जागा हव्यात, असे मार्चमध्येच जाहीर बोलून दाखवले. पक्षाने हात झटकले. पण ते बोलणे आमच्या वस्तीत त्याच दिवशी पोहोचले ते फोनमुळे. निकालानंतर काही पुढाऱ्यांनी त्या भीतीला खोटा प्रचार म्हटले. ते विधान काही आमच्या पोरांनी घरी बसून तयार केलेले नव्हते.

पण त्याच फोनमधून इतर गोष्टीही येत होत्या. बाबासाहेबांच्या फोटोखाली कोणतेही वाक्य लिहायचे आणि सोडून द्यायचे. पुतण्याने असे एक वाक्य दादांना वाचून दाखवले. दादांनी शांतपणे विचारले, "कोणत्या खंडात हाय? पान सांग." बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन 1979 पासून काढत आले आहे, त्यातले काही दादांच्या ट्रंकेत आहेत. पुतण्याने तासभर शोधले. वाक्य काही सापडले नाही. तो हसला आणि म्हणाला, "पण आज्जा, चांगलं हाय की वाक्य." दादा म्हणाले, "चांगलं असंल. त्यांचं न्हाई."

मी हे पुतण्याचे सांगते आहे, पण खरी चूक माझी होती आणि तीच सांगायची आहे.

भाऊ-वहिनी बरीच वर्षे भिवंडीला होते. 2020 च्या टाळेबंदीत काम गेले आणि ते गावी परतले. भावाचे नाव माढ्याच्या यादीत चढले. वहिनीचे तिकडच्या यादीतून गेले आणि इकडे आलेच नाही. 16 मार्च 2024 ला निवडणूक जाहीर झाली तेव्हा तिने ग्रुपवर विचारले, "माझं नाव न्हाई यादीत, काय करू?" त्याच आठवड्यात माझ्याकडे एक संदेश आला होता. यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवा, कलम 49 अ खाली 'चॅलेंज व्होट' मागा, मत देऊ देतात. आणि 14 टक्क्यांहून जास्त 'टेंडर व्होट' झाले तर फेरमतदान होते. खाली लिहिले होते, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. मी पाठवला. शिकलेली नणंद सांगते म्हटल्यावर वहिनीने अर्जाचा नाद सोडला.

हा संदेश साफ खोटा होता. 49 अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. यादीत नाव नसेल तर कोणतेही कार्ड दाखवून मत देता येत नाही. आक्षेप घेण्याची तरतूद आहे, पण ती उमेदवाराच्या प्रतिनिधीसाठी, समोरचा मतदार तोतया आहे असे वाटल्यास दोन रुपये भरून. तुमच्या नावावर दुसऱ्यानेच मत देऊन टाकले असेल तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, तेही यादीत नाव असेल तरच, आणि 14 टक्क्यांचा काही नियम नाही. निवडणूक आयोगाने अशा अफवांचे खुलासे 2 एप्रिलपासून संकेतस्थळावर मांडले होते. ते कोणी पुढे पाठवले नाहीत, मीही नाही. नाव नोंदवायचा नमुना 6 वेळेत भरला असता तर नाव चढले असते. माढ्याची उमेदवारी अर्जांची मुदत 19 एप्रिलला संपली आणि तो दरवाजाही बंद झाला.

7 मेला सकाळी सातला आम्ही केंद्रावर गेलो. दादा, भाऊ, पुतण्या, नवी साडी नेसून वहिनी आणि मी. शंभर मीटरच्या आत मोबाईल न्यायचा नाही म्हणून सगळ्यांचे फोन माझ्या पिशवीत. मी लिंबाखाली बसून रांग बघत होते आणि मला विहाराचा ओटा आठवला. हातात फोन नाही म्हटल्यावर माणसे बोलायला लागली. आणि बोलणे दिल्लीचे नव्हते. टँकर किती दिवसांनी येतो, कालव्याचे आवर्तन का चुकले, कोणाच्या पोराला टेंभुर्णीच्या कारखान्यात काम लागले. मराठा समाजाचा एक म्हातारा दादांना म्हणाला, "रेल्वेवाले, तुमच्या गुडघ्यापायी तुम्ही फुडं व्हा." भाऊ आणि पुतण्या दीड महिन्यात पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, तेही पाण्यावरून.

वहिनीची पाळी आली. तिने आधार कार्ड पुढे केले आणि पाठ केलेले वाक्य म्हणाली. आतल्या माणसाने यादी दोनदा बघितली आणि समजावून सांगितले. ती बाहेर आली. मी उठून उभी राहिले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "वन्सं, त्यात लिहिलं हुतं ना?"

दादांनी त्या दुपारी घरी एक गोष्ट सांगितली. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीतून काढावी लागली होती. उत्तरेकडच्या त्या बायका आपले नाव सांगेनात, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद मान्य केली नाही. "त्यांचं नाव लाजंमुळं गेलं," दादा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. मला ते पुढचे ऐकू आले.

कालाम सुत्त आपण विहारात ऐकतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हे सांगितले तेव्हा त्यांच्याकडे एकामागून एक उपदेशक येत होते आणि जो तो आपलेच खरे म्हणत होता. दिवसातून शंभर उपदेशक आता आमच्या खिशात येतात. मी सुत्त म्हणते, आणि संदेश न वाचता पुढे ढकलते.

4 जूनला निकाल लागला. राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे धैर्यशील मोहिते पाटील भाजपच्या रणजितसिंह नाईक-निंबाळकरांचा 1 लाख 20 हजारांहून अधिक मतांनी पराभव करून निवडून आले. त्यांचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. पण एका अपक्षाचे चिन्ह मराठीत नुसते 'तुतारी' असे छापले होते, आणि त्याला 58 हजारांवर मते पडली. फोनवर सगळे दोन महिने 'तुतारी, तुतारी' करत होते. शेजारच्या साताऱ्यात तर त्या पक्षाचा उमेदवार जितक्या मतांनी पडला, त्याहून जास्त मते तुतारीवाल्या अपक्षाला गेली. एक शब्द अर्धवट सांगितला तर काय होते, हे आमच्या घराने त्याआधीच बघितले होते.

जूनमध्ये मी पुन्हा माढ्याला गेले. वहिनीला घेऊन यादीचे काम बघणाऱ्या अंगणवाडीच्या बाईंकडे गेले, नमुना 6 भरला, फोटो चिकटवला. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला तिने मत दिले. कोणाला दिले ते तिने भावाला सांगितले नाही आणि मलाही नाही.

भाऊ ग्रुपमध्ये परत आला आहे. भांडणे चालूच आहेत. वहिनी आता काही आले की आधी दादांच्या खाटेशी जाते आणि मोठ्याने वाचून दाखवते. दादा डोळे मिटून ऐकतात. परवा तिने मला फोन केला होता, "वन्सं, तुमच्याकडनं एक आलंय. कुणी लिवलंय ते इच्यारा म्हणत्यात दादा."