बापाची न्हाणी

चवदार तळ्यावर मी कविता लिहिली, तेव्हा माझ्या बापाच्या अंगाला नऊ दिवस पाणी नव्हतं.

कविता दोन ठिकाणी म्हटली. टाळ्या पडल्या. २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं ते मी हात उंचावून सांगत होतो, आणि घरी म्हातारा खाटेवर पाठ खाजवत पडलेला.

बाप आधी गवंड्याच्या हाताखाली बिगारी, मग स्वतः फरशी बसवायचा. बंगल्याबंगल्यांतल्या न्हाण्या त्याच्या हातच्या. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, डोकं शाबूत. आमची न्हाणी म्हणजे घरामागं पत्र्याचा आडोसा, खाली साबणानं गुळगुळीत झालेली शहाबादी. पहिल्याच महिन्यात मी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. उठताना त्यानं खुर्चीच्या हातावर भार दिला, ओल्या फरशीवर खुर्चीचे पाय फाकले आणि म्हातारा आडवा. हाड मोडलं नाही एवढंच. दुसऱ्या खेपेला पाणी कढत होतं. लुळ्या मांडीला चटका कळला नाही, संध्याकाळी टरटरून फोड. रातपाळी करून आलो होतो, डोळ्यांत झोप. पण चूक माझीच.

तिथून त्यानं आंघोळ टाकली. "नगं. परवा बघू." आई ओल्या फडक्यानं पुसायची. बहीण पुसायला आली की तोंड भिंतीकडं. आम्ही म्हणायचो, म्हातारा हट्टी झालाय. कसला हट्ट? पडायची भीती, आणि पोरीपुढं उघडं व्हायची लाज.

मी दाखला घेऊन ऑफिसात गेलो. २०१६ चा दिव्यांग हक्काचा कायदा वाचून गेलो होतो. बाबू म्हणाला, "तीनचाकी पायजे तर अर्ज कर. न्हाणीचं काय नाय." आमच्या बोळात सायकल वळत नाही, तीनचाकी कुठं वळवू?

मग गिरणीतल्या फिटर दोस्ताकडून पाइप आणला आणि आडोशाला ठोकायला लागलो. खाटेवरनं आवाज आला, "आरं येड्या, पत्र्याला दांडी मारतूस व्हय? पत्र्यासकट पडीन की मी. तीस वर्सं काय केलं म्या? मला इचार की!"

खरंच, सगळ्यांना विचारलं होतं. त्याला सोडून.

दोन रविवार तो बसून सांगत होता, मी करत होतो. फरशी उचकटली, कोबा केला, ओला असतानाच त्यावर केरसुणी ओढली. त्या खरबरीत रेघांवर पाय धरून राहतो. उंबरा फोडला. बसायला विटांचा ओटा, दीड फूट उंच, म्हणजे गुडघा काटकोनात येतो आणि उठताना ओढ लागत नाही. ओट्याला दोन सूत ढाळ. डाव्या अंगाला, चांगला हात तो, एक इंची पाइप दोन फूट खाली गाडून काँक्रीट भरलं, वरचं टोक तुळईला आवळलं. इंचीच का, तर मुठीत पुरता मावतो. जाड पाइप ओल्या हातातनं निसटतो. कमरेच्या उंचीला आडवी दांडी फिटरनं वेल्ड करून दिली. दार काढून पडदा लावला, पडला तर आत शिरता यावं. साबण जुन्या मोज्यात घालून पाइपला टांगला, खाली पडत नाही. पाठीला काठीला बांधलेलं वाळकं घोसाळं. बादली खाली नाही, डाव्या हाताला चौथऱ्यावर.

पाण्याचा नेम आईनं घातला. आधी गार, मग त्यात ऊन, मग आपलं कोपर बुडवून बघायचं. हीटरची पिन उपसून कांडी बाहेर काढल्याशिवाय बादली हलवायची नाही. कपड्याचं दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं होतं: घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला आधी.

सगळा खर्च माझ्या आठ दिवसांच्या पगाराएवढा.

दोस्तांनो, जयंतीच्या वर्गणीला आपण घर न् घर हिंडतो. खाटेवर कोण आहे ते दिसतं, पण शेवटची आंघोळ कधी केली, कशी केली, हे विचारतो का आपण? मी विचारत नव्हतो, माझ्याच घरात. स्थानिक संस्थांना आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात. मी आता दुसरा अर्ज टाकलाय. तीनचाकी नको, पाइप, ओटा, कोबा द्या. माप बापानं सांगितलं, खाली गल्लीतली आणखी चार नावं. बाबूनं पोच द्यायला खळखळ केली. पोच घेतल्याशिवाय हललो नाही.

ती कविता परत कुठं म्हटली नाही. वाईट नव्हती, पण म्हणायला तोंड उघडत नाही.

परवा रातपाळी सुटून आलो तर पडद्याआड तांब्याचा आवाज. आई बाहेर उभी, हातात पंचा. "झालं का वो?"

"जा की तू. दोन तांबं राहिल्यात."

आई जागची हलली नाही. मी पायरीवर बसलो.

"आन् च्या ठेव," आतनं आवाज आला.