डबीवरील नाव

विषाने झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात रासायनिक विश्लेषकाचा अहवाल येईपर्यंत गावाचा निकाल बहुधा लागलेला असतो. वकिलीतील एक प्रसंग या दृष्टीने आम्हांस विसरता येत नाही.

अंत्रुज महालातील एक वृद्धा रात्री जेवणानंतर वांत्यांनी व्याकुळ झाली आणि उजाडण्यापूर्वी निवर्तली. स्वयंपाक सुनेचा, दोघींचे पटत नसे हेही सर्वश्रुत. पुढे सोमवारच्या पालखीस त्या सुनेच्या हातचे आरतीचे ताट कोणी घेतले नाही. तिच्या वडिलांनी आमच्याकडे धाव घेतली.

शवविच्छेदनानंतर जठर, त्यातील अन्नांश, यकृत व मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवून, बरण्या मोहोरबंद करून प्रयोगशाळेस धाडण्यात आले. चार महिन्यांनी उत्तर आले: झिंक फॉस्फाइड, म्हणजे उंदीर मारण्याची काळसर करडी पूड. जठरातील आम्लाशी संयोग होताच तीतून फॉस्फिन वायू निघतो. तो पेशींचा श्वासच कोंडतो आणि त्यावर खास असा उतारा नाही. हा वायू उडून जाणारा. म्हणून ‘विष आढळले नाही’ एवढ्यावरून विष नव्हतेच असे ठरत नाही. उलट विष आढळले, तरी ते देणारा हात त्या बरणीत सापडत नाही. पुण्यातील सायनाइडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली चार गोष्टी सिद्ध होणे आवश्यक मानले: हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी. रसायनशास्त्र यांपैकी दुसरीचीच साक्ष देते.

आम्ही अहवाल वाचून दाखविला तेव्हा मुलगा मटकन खाली बसला. फाटक्या पुडीतील पूड त्यानेच आईच्या पाचक चूर्णाच्या रिकाम्या डबीत ओतली होती. डबीवर चूर्णाचे नाव तसेच होते. मंद दृष्टीच्या आईने नेमाप्रमाणे चमचाभर घेतले. माळ्यावर दडविलेली ती डबी त्याने काढून दिली. तीत तीच पूड निघाली. चार महिने पत्नीवरील बोल ऐकूनही त्याने तोंड उघडले नव्हते.

सून निर्दोष ठरली. पण ती पुन्हा पालखीस आली नाही. आणि त्याच देवळाचे महाजन असूनही आम्ही तिला बोलावण्यास गेलो नाही. त्या दिवशी घरी येऊन आम्ही फडताळातील डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या तेवढ्या चिकटविल्या. ते काम सोपे होते.