वेग कमी केला की गाडी का बंद पडते?

मैत्रिणींनो, गाडीचं बॉनेट उघडलं की आपण बायका दोन पावलं मागे सरतो. ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून मोकळ्या होतो. पण खरं सांगू? बिघाड शोधायला पान्याच्या आधी लागते ती बारीक नजर, आणि ती आपल्याकडे असतेच!

आमचं घर पिंपरी पेंढारला, माझं माहेर कल्याणला. त्यामुळे मुरबाड, माळशेज घाट, ओतूर हा रस्ता अगदी सवयीचा. गाडी जुनी, पेट्रोलची. मी आणि हे, दोघंही चालवतो. गेल्या पावसाळ्यानंतर तिनं नवीनच खोड धरली. महामार्गावर छान धावायची, पण गावाशी वेग कमी करून क्लच दाबला की इंजिन गप्प! मागून कांद्याचा ट्रक येतोय, गाडीत सासूबाई आणि धाकटी. जीव कसा टांगणीला लागतो, विचारू नका.

गॅरेजात प्लग बदलून झाले, बॅटरी बदलून झाली. खोड तशीच. आता टाकीतला पेट्रोलचा पंप बदला, असं सांगण्यात आलं. खर्चाचा आकडा ऐकून मी एक वही काढली आणि टिपू लागले: गाडी कुठे बंद पडली, इंजिन गार होतं की तापलेलं, एसी चालू होता का, पाय कशावर होता.

पंधरा दिवसांत उलगडा होऊ लागला. पंप कमजोर असता, तर घाट चढताना गाडीनं दम टाकला असता, कारण तिथं पेट्रोल जास्त लागतं. पण घाटात ती झकास ओढते. बंद पडली तरी किल्ली फिरवताच चालू होते, म्हणजे बॅटरीही ठीक. बंद पडते ती फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, आणि एसी चालू असला की हटकून.

आपली गॅसची शेगडी आठवा. दूध उतू जाऊन बर्नरची भोकं बुजली, की मोठी आच नीट जळते, पण बारीक केली की विझते. इंजिनाचंही तसंच. पाय काढला की हवेची मुख्य झडप मिटते आणि थोड्याशा हवेवर इंजिनाला मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे टिकवावे लागतात. त्या वाटेत काजळी साचली, की त्याचा श्वास कोंडतो.

आळेफाट्याच्या मिस्त्रींनी वही वाचली आणि आधी थ्रॉटल बॉडीच उघडली. आत काळाकुट्ट थर! साफसफाईवर काम भागलं, पंप बदलावा लागला नाही.

अर्थात, प्रत्येक गाडीचं दुखणं हेच असेल असं नाही बरं का. हवेची रबरी नळी चिरलेली असते, कधी ईजीआर झडप उघडीच अडकते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत आयडल जेटमध्ये कचरा अडकतो. म्हणून तर टिपण हवं.

आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडलंच, तर घाबरू नका. स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. ब्रेक सारखा सारखा दाबू नका. एकदाच दाबून धरा, कारण त्याला मदत करणारा जोर दोन-तीन दाबांत संपतो. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नका, नाहीतर स्टिअरिंग अडकेल. चारही इंडिकेटर लावा आणि गाडी डावीकडे घ्या.

एक छोटी वही आणि पेन्सिल गाडीच्या कप्प्यात आजच ठेवा. किराण्याच्या यादीइतकीच ती उपयोगी पडेल.